घरगुती बुफे ओळखावा तो त्याच्या भाज्यांवरून

अमेरिकेत मोटारीने लांबचा प्रवास करणाऱ्यावर उपाशी राहण्याची वेळ सहसा येत नाही. आंतरराज्य महामार्गावर बहुतेक एक्झिटच्या अलीकडे एक निळी पाटी लागते, तिच्यावर चार-सहा खाद्यसाखळ्यांची बोधचिन्हे असतात आणि त्यांतील कोणतीही निवडली तरी पेनसिल्व्हेनियात जी चव मिळाली तीच अलाबामात मिळेल याची खात्री असते. घाईत असलेल्या प्रवाशाला ही खात्री मोलाची वाटते, हे मला समजते. मात्र लागोपाठ काही दिवस बन आणि तळलेल्या बटाट्यांवर काढले की पोट भरूनही जेवल्यासारखे वाटत नाही. शिजलेली पालेभाजी, गाळ शिजलेले बीन्स, दाट रस्सा, नुकताच भाजलेला मक्याचा पाव असे साधे, गरम काही तरी हवेसे होते. अशा वेळी मी त्या निळ्या पाटीकडे न बघता एक्झिट घेते आणि दोन-तीन मैल आत, जुन्या रस्त्यावरच्या एखाद्या गावात, घरगुती जेवणाचा बुफे शोधते.

बुफे हा शब्द उच्चारला की अनेकांच्या डोळ्यांसमोर लास व्हेगास उभे राहते, आणि त्यात त्यांची चूक नाही. १९३९च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात स्वीडनच्या दालनातील स्मॉर्गसबोर्डने अमेरिकन लोकांना मांडलेल्या टेबलावरून हवे तेवढे वाढून घेण्याची गोडी लावली. पुढे १९४०च्या दशकात लास व्हेगासच्या एल रांचो हॉटेलने जुगारासाठी रात्री जागणाऱ्या पाहुण्यांना धरून ठेवण्यासाठी एका डॉलरमध्ये हवे तेवढे खाण्याचा बेत सुरू केला. तो मुबलकतेचा बुफे होता. मी ज्याच्या शोधात असते त्याची मुळे दुसरीकडे आहेत: कामगार आणि फिरते विक्रेते जिथे महिन्याच्या भाड्यावर राहत त्या बोर्डिंग हाउसच्या सामायिक टेबलात, आणि दक्षिणेतील चर्चच्या आवारात सगळ्या घरांतून आलेली भांडी एका लांब टेबलावर मांडून होणाऱ्या जेवणात. जॉर्जियातील सव्हाना शहरात सेमा विल्क्स यांनी १९४३मध्ये असेच एक बोर्डिंग हाउस चालवायला घेतले. तिथली भोजनशाळा आजही चालू आहे. अनोळखी माणसे दहा-दहाच्या टेबलावर एकत्र बसतात आणि भाज्यांचे वाडगे एकमेकांकडे सरकवतात. ताटे घेऊन रांगेत उभे राहावे लागत नसल्यामुळे त्याला काटेकोर अर्थाने बुफे म्हणता येणार नाही. पण घरगुती बुफेच्या टेबलावर जे पदार्थ मांडलेले असतात त्यांचे मूळ घर हेच आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. बुफेतील अन्न वाईट असते, हा समज बुफेवर नको ते पदार्थ ठेवल्यामुळे पक्का झाला आहे. स्टीम टेबल म्हणजे खाली गरम पाणी, त्यावर स्टीलचे खोलगट ट्रे, आणि त्या ट्रेमधले अन्न तासभर, कधी दोन तास, ओलसर उष्णतेत बसलेले. या उष्णतेत कुरकुरीत पदार्थ मरतो, कारण आतल्या मांसातली वाफ बाहेर येऊन आवरणात मुरते. साधा पास्ता रस्सा पिऊन फुगतो. फेटून केलेली अंडी फार वेळ गरम राहिली तर पिवळ्यातील लोह आणि पांढऱ्यातील गंधक एकत्र येऊन त्यांच्यावर हिरवट झाक चढते. याउलट, जो पदार्थ मुळातच मंद आचेवर तासन्‌तास शिजवायचा असतो त्याला आणखी थोडा वेळ त्याच उष्णतेत बसण्याचे काहीच वाटत नाही. कॉलर्ड या कोबीच्या कुळातील पालेभाजीची जाड, मेणचट पाने नरम होण्यासाठी चांगला तासभर उकळावी लागतात आणि त्यानंतर बराच वेळ ती जशीच्या तशी राहतात. पिंटो बीन्स जितके बसतात तितका त्यांचा रस दाट होतो. पॉट रोस्टच्या, म्हणजे झाकून मंद शिजवलेल्या मोठ्या तुकड्याच्या, मांसातील चिवट तंतूंचे जिलेटिन झालेले असते, त्यामुळे ते रसात राहिले की अधिकच मऊ होते. चिकन आणि डंपलिंग (रश्श्यात शिजवलेले पिठाचे गोळे), कापून लोण्यात शिजवलेला पिवळा स्क्वॉश हा भोपळ्याचा प्रकार, कुस्करलेले रताळे, मंद भाजलेले सफरचंद यांचेही तसेच आहे.

म्हणजे घरात सकाळी चुलीवर चढवून दुपारपर्यंत झाकून ठेवायचे जे अन्न, तेच वाफेच्या टेबलावर टिकते. घरगुती जेवण आणि बुफे यांची जोडी केवळ स्वस्ताईमुळे जुळलेली नाही. ते अन्नच वाट पाहायला लावणाऱ्यांसाठी, शेतावरून किंवा चर्चमधून मागे-पुढे घरी येणाऱ्या माणसांसाठी रचलेले आहे, आणि म्हणून उशिरा आलेल्या प्रवाशालाही ते तितकेच चांगले मिळते.

यावरूनच मी बुफे पारखते. आत गेल्यावर ताट न घेता आधी एक फेरी मारते आणि तळलेल्या चिकनकडे न बघता भाज्यांकडे बघते. कॉलर्ड किंवा टर्निपचा पाला आहे का, आणि तो स्वतःच्या रसात बुडालेला आहे की कोरडा पडला आहे? बीन्स एकाच प्रकारचे, डब्यातून ओतल्यासारखे एकसारखे आहेत, की पिंटो, बटर बीन्स आणि चवळी असे निरनिराळे ट्रे आहेत? कॉर्नब्रेडच्या, म्हणजे मक्याच्या पावाच्या, कडा काळपट तांबूस आहेत का? तशा असतील तर तो बिडाच्या तव्यात भाजलेला असण्याची शक्यता असते. मॅकरोनी आणि चीज पातळ पिवळ्या सॉसमध्ये तरंगत असेल तर ते मी सोडून देते. दक्षिणेतील घरांत ते अंडी आणि दूध घालून भट्टीत भाजतात, त्याच्या चौकोनी वड्या पडतात आणि अशी मॅकरोनी टेबलावर उत्तम टिकते. तिकडच्या फळ्यांवर मॅकरोनीची गणना भाज्यांत होते, हेही इथे सांगून ठेवते, म्हणजे ‘आजच्या भाज्या’ या शीर्षकाखाली ती दिसली तर नवल वाटणार नाही.

ट्रेचा आकारही पुष्कळ सांगतो. लहान ट्रे आणि ते वारंवार बदलणारी माणसे असतील तर स्वयंपाकघर गिऱ्हाइकांच्या गतीने चालले आहे असे समजावे. भला मोठा ट्रे अर्धा रिकामा आहे, त्याच्या कडांना साय वाळून चिकटली आहे आणि कोणी फिरकत नाही, असे दिसले तर मी नम्रपणे बाहेर पडते. अमेरिकेच्या संघीय अन्नसंहितेप्रमाणे गरम अन्न १३५ अंश फॅरनहाइट म्हणजे ५७ अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड अन्न ४१ अंश फॅरनहाइट म्हणजे ५ अंश सेल्सिअसच्या खाली ठेवावे लागते. ग्राहकाकडे थर्मामीटर नसतो. पण ट्रे ढवळल्यावर वाफ दिसली पाहिजे आणि कोशिंबिरीचे भांडे बर्फात किंवा थंड टेबलात बसलेले असले पाहिजे, एवढे डोळ्यांना कळते. दुसऱ्यांदा वाढून घ्यायला जाताना नवे ताट घ्यावे, हाही त्याच संहितेतला नियम आहे. तो पाळताना संकोच वाटण्याचे कारण नाही, कारण उष्ट्या ताटाला लागलेला डाव पुन्हा सगळ्यांच्या भाजीत जातो.

तळलेल्या चिकनबद्दल एवढेच, की ते खायचे असेल तर स्वयंपाकघराच्या दाराशी नजर ठेवावी आणि नवा ट्रे आला की उठावे. चांगल्या ठिकाणी ते थोडे थोडे तळतात आणि नेहमीची गिऱ्हाइके नेमकी त्याच क्षणी उठतात.

पाल्याच्या रसाविषयी मात्र मला थोडे अधिक लिहायचे आहे, कारण नवखा माणूस तो ट्रेमध्येच सोडून येतो. कॉलर्ड शिजवलेल्या या हिरवट, खारट, किंचित कडसर पाण्याला पॉटलिकर म्हणतात आणि दक्षिणेत तो वाटीत घेऊन कॉर्नब्रेडबरोबर खातात. १९३१मध्ये लुईझियानाचे राज्यपाल ह्यूई लाँग आणि अटलांटाचे एक दैनिक यांच्यात या रसावरून वाद रंगला होता. लाँग यांच्या मते मक्याचा पाव रसात बुडवून खायचा असतो, तर दैनिकाचे म्हणणे होते की तो कुस्करून घालावा. आणि हा वाद देशभरच्या वर्तमानपत्रांत पोचला. मी कुस्करणाऱ्यांच्या बाजूची आहे, कारण कुस्करलेला पाव रस समान शोषतो आणि चमच्याने शेवटच्या थेंबापर्यंत खाता येतो.

कोणत्या भागात काय शोधावे, हे प्रवास आखतानाच ठरवले तर फार फायदा होतो. टेनेसी आणि अलाबामात बुफेपेक्षा त्याची चुलत बहीण असलेली कॅफेटेरियाची रांग अधिक भेटते, जिथे काचेपलीकडची बाई आपण दाखवू ते वाढते आणि एक मांसाचा पदार्थ व तीन भाज्या असा हिशेब असतो. अलाबामातील बर्मिंगहॅममध्ये अशी अनेक ठिकाणे ग्रीक स्थलांतरितांनी काढली आणि पिढ्यान्‌पिढ्या चालवली. तिथल्या निकीज वेस्टच्या रांगेत भाज्यांची संख्या पाहून पहिल्यांदा जाणारा माणूस गोंधळतो. दक्षिण कॅरोलिनात बार्बेक्यूची ठिकाणेच बुफे मांडतात. मोहरीच्या पिवळ्या सॉसमधील डुकराचे मांस आणि भातावर ओतलेला ‘हॅश’ नावाचा दाट रस्सा ही तिथली खूण आहे; पण यांतली बरीचशी आठवड्याच्या उत्तरार्धातच उघडतात, त्यामुळे मंगळवारी पोचणाऱ्याच्या पदरी बंद दार येते. लुईझियानात सोमवार साधावा. सोमवार हा धुण्याचा दिवस असे, चुलीकडे लक्ष द्यायला सवड नसे, म्हणून रविवारच्या हॅमचे हाड टाकून लाल बीन्स दिवसभर शिजत ठेवत. धुलाई यंत्रे आल्यावरही सोमवारचे लाल बीन्स आणि भात तिथल्या जेवणाच्या टेबलांवर कायम राहिले.

उत्तरेकडे वळले तर पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर परगणा आणि ओहायोतील होम्स परगणा ही दोन्ही अमिश आणि मेनोनाइट या जुन्या वळणाच्या ख्रिस्ती पंथांच्या वस्तीची ठिकाणे या बाबतीत श्रीमंत आहेत. लँकेस्टरजवळ रॉंक्स येथे १९२९मध्ये एनॉस मिलर ट्रक दुरुस्त करीत आणि त्यांची पत्नी अ‍ॅना थांबलेल्या चालकांना चिकन आणि वॉफल खाऊ घालीत. त्यातूनच आजचे मिलर्स स्मॉर्गसबोर्ड उभे राहिले. रस्त्यावरच्या माणसाची भूक आणि घरातले स्वयंपाकघर यांची गाठ इतकी सरळ पडलेली उदाहरणे थोडी. ईस्ट अर्ल येथील शेडी मेपल तर सुमारे २०० फूट लांबीच्या टेबलासाठी प्रसिद्ध आहे. एवढ्या लांबीत मोहाला बळी पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. स्टेक आणि कोळंबी कुठेही मिळते. तिथे घ्यावे ते लोण्यातले जाड नूडल्स, चौकोनी पीठपट्ट्या घालून शिजवलेले ‘चिकन पॉट पाय’, सॉवरक्राउट म्हणजे आंबवलेल्या कोबीबरोबर शिजलेले मांस, आंबट-गोड चाउ-चाउ लोणचे, बीटच्या रसात मुरून जांभळी झालेली अंडी, आणि शेवटी काकवीचे सारण भरून भाजलेला ‘शूफ्लाय पाय’. ओहायोत कुस्करलेल्या बटाट्यावर नूडल्स आणि त्यावर ग्रेव्ही असे एकावर एक वाढून घेतात. पिष्टावर पिष्ट हे ऐकायला विचित्र वाटते, पण थंडीत दिवसभर गाडी चालवल्यावर त्याचा अर्थ पहिल्याच घासाला कळतो.

या दोन प्रदेशांच्या रविवारात मोठा फरक आहे. अमिश आणि मेनोनाइट भागांतील घरगुती जेवणाची ठिकाणे, शेडी मेपलसकट, रविवारी सहसा बंद असतात; दक्षिणेत मात्र रविवारची दुपार हाच बुफेचा मुख्य दिवस. चर्च सुटले की कुटुंबेच्या कुटुंबे चांगल्या कपड्यांत येतात, आजीपासून नातवंडांपर्यंत सगळे एका टेबलावर बसतात आणि स्वयंपाकघरही त्या दिवशी आपले सर्वोत्तम मांडते. म्हणून शनिवारी पेनसिल्व्हेनियात जेवून मग एक्क्याऐंशी क्रमांकाच्या महामार्गाने व्हर्जिनियाच्या शेननडोआ खोऱ्यातून दक्षिणेकडे उतरणे मला सोयीचे वाटते. रविवारी बारा वाजायच्या आधी पोचावे. साडेअकराला ट्रे नुकतेच भरलेले असतात आणि जागा मिळते. साडेबारानंतर दाराबाहेर रांग असते.

शाकाहारी वाचकांसाठी एक गोष्ट ठळकपणे सांगणे आवश्यक आहे. ज्या भाज्यांचे मी एवढे कौतुक केले त्यांतील बहुतेकांत डुकराचे मांस असते. कॉलर्ड आणि बीन्स धुरावलेल्या मांडीच्या हाडावर किंवा चरबीच्या तुकड्यावर शिजतात, डंपलिंगमध्ये चिकनचे पाणी असते आणि पायच्या आवरणात चरबी असू शकते. ‘यात मांस आहे का?’ असे विचारले तर पुष्कळदा ‘नाही’ असे उत्तर येते, कारण चवीपुरते घातलेले हाड त्यांच्या हिशेबी मांस नसते. त्याऐवजी ‘हे कशात शिजवले आहे?’ असे विचारावे. मक्याचे पुडिंग, भाजलेली मॅकरोनी, स्क्वॉशचे कॅसरोल, रताळे, तळलेली भेंडी, बीटचे लोणचे आणि काकडी-कांद्याची आंबट कोशिंबीर एवढ्यांतून चांगले जेवण जुळते, फक्त भेंडी कोणत्या तेलात तळली हेही विचारून घ्यावे. अलीकडे काही ठिकाणी पाल्यात धुरावलेले टर्की पक्ष्याचे मांस घालतात. डुक्कर न खाणाऱ्यांना त्याचा उपयोग होतो, शाकाहाऱ्यांना नाही.

भेंडी आणि चवळी ही दोन्ही आफ्रिकेतून आलेली पिके आहेत, आणि हे अन्न खाताना ते आठवणे मला महत्त्वाचे वाटते. दक्षिणेच्या या घरगुती स्वयंपाकाचा फार मोठा भाग गुलामगिरीत आणलेल्या आफ्रिकी स्त्री-पुरुषांच्या हातून घडला, आणि त्यांच्याच वंशजांना कित्येक दशके रस्त्यावरच्या भोजनगृहांत बसू दिले जात नव्हते. केंटकीतील बोलिंग ग्रीनचे डंकन हाइन्स हे छपाईच्या व्यवसायातील फिरते विक्रेते. त्यांनी १९३५च्या नाताळात मित्रांना आपल्या आवडत्या १६७ भोजनगृहांची यादी पाठवली आणि १९३६मध्ये तिचे पुस्तक केले. जेवणाआधी मागच्या दाराने जाऊन स्वयंपाकघर बघण्याची त्यांची रीत प्रसिद्ध होती. त्याच १९३६ साली न्यूयॉर्कमधील टपाल कर्मचारी व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी कृष्णवर्णीय प्रवाशांसाठी मार्गदर्शिका काढायला सुरुवात केली. तिच्यातला प्रश्न कुठले जेवण उत्तम हा नव्हता, तर कुठे आपल्याला दारातून परत पाठवणार नाहीत हा होता. अनेक कुटुंबे बुटांच्या खोक्यात तळलेले चिकन आणि पाव बांधूनच निघत. १९६४च्या नागरी हक्क कायद्याने हा भेद बेकायदा ठरवला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बर्मिंगहॅममधील एका बार्बेक्यू भोजनगृहाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा अशा स्थानिक ठिकाणांनाही लागू होतो असा निकाल दिला. तिथे कृष्णवर्णीयांना फक्त बांधून नेता येत असे, आणि तिथले मांस मात्र राज्याबाहेरून येत असे, हा न्यायालयापुढचा कळीचा धागा होता. आज रविवारी दुपारी दक्षिणेतल्या बुफेच्या एकाच रांगेत सगळे उभे दिसतात, तेव्हा ती रांग आपोआप तयार झालेली नाही हे मला विसरता येत नाही.

२०२०च्या साथीने या व्यवसायाला जबर धक्का दिला. सगळ्यांनी एकच डाव हाताळायचा, ही कल्पनाच लोकांना नकोशी झाली. सॅलड बुफेची एक प्रसिद्ध साखळी, सूपलँटेशन, त्याच वर्षी मे महिन्यात बंद झाली, आणि दक्षिणेतल्या व टेक्ससमधल्या जुन्या कॅफेटेरियांचीही संख्या घटली. जी गावातली ठिकाणे वाचली त्यांच्यापैकी काहींनी वाढण्याचे काम पुन्हा आपल्या माणसांकडे घेतले. मला हा बदल आवडला. वाढणारी बाई ‘आज बटर बीन्स चांगले झालेत’ असे आपणहून सांगते, आणि तिचा हा शब्द कोणत्याही मानांकनापेक्षा अधिक भरवशाचा असतो. इंटरनेटवरचे तारे मी बघते, पण ताऱ्यांपेक्षा ताटांचे फोटो बघते आणि त्यात पाला दिसतो का ते शोधते. जुन्या फोटोंवर विसंबू नये आणि निघण्यापूर्वी फोन करून आज उघडे आहे का, हे विचारावे. छोट्या गावांतील ठिकाणे संकेतस्थळ अद्ययावत ठेवत नाहीत, फोन मात्र उचलतात.

ताट वाढून घेताना पहिल्या फेरीत फक्त भाज्या आणि कॉर्नब्रेड घ्यावा, असा माझा आग्रह आहे. त्यानेच कळते की दुसरी फेरी करण्याजोगी आहे की नाही. गोडासाठी जागा ठेवायचीच असेल तर केळ्याचे पुडिंग घ्यावे, कारण त्यातली बिस्किटे कस्टर्डमध्ये मुरून मऊ व्हायला वेळ लागतो, आणि तोही वाट पाहून सुधारणाऱ्या पदार्थांच्याच कुळातला आहे. पीच कॉब्लर, म्हणजे पिठाचे आवरण घालून भाजलेले पीच, मात्र वरचे आवरण अजून कोरडे असेल तरच घ्यावे. पेय आणून देणाऱ्या आणि ताटे उचलणाऱ्या माणसांसाठी टेबलावर निदान दहा टक्के ठेवावेत. अन्न आपण वाढून घेतले म्हणून त्यांचे काम कमी होत नाही.

पुढच्या वसंत ऋतूत आम्ही वीस क्रमांकाच्या महामार्गाने जॉर्जियापासून पश्चिमेकडे जाणार आहोत. रविवारची दुपार अलाबामात आणि सोमवारची लुईझियानात येईल अशा बेताने मुक्काम ठरवले आहेत, आणि त्या दोन्ही जेवणांच्या आदल्या रात्री हलकेच खायचे, हेही ठरले आहे.